टाच माझी, नवस आईचा

टाच दुखते म्हटलं की लोक हसतात. छातीत दुखलं तर चार माणसं धावत येतात. टाचेचं दुखणं सांगायलाच लाज वाटते. पण सकाळी उठून पहिलं पाऊल फरशीवर टेकवावं आणि टाचेत खिळा ठोकल्यासारखी कळ निघावी, हे ज्याचं त्यालाच ठाऊक. मी एसटीत कंडक्टर. येरमाळ्याच्या आसपासच्या रस्त्यांवर दिवसभर डुलत्या गाडीत उभं राहून तिकिटं काढायची. दुपारपर्यंत तळवा असा ओढायचा की सीटच्या दांड्याला धरून मी एका पायावर उभा राहायचो.

धाराशिवच्या डॉक्टरांनी सांगितलं, तळव्याखालची शीर सुजलीय. अंथरुणातून उठायच्या आधी टॉवेलनं पायाची बोटं आपल्याकडं ओढायची, भिंतीला हात टेकून पोटऱ्या ताणायच्या, बर्फाची बाटली तळव्याखाली फिरवायची आणि घरातसुद्धा अनवाणी चालायचं नाही. वेळ लागेल, धीर धरा, म्हणाले. धीर माझ्या स्वभावातच नाही. थोडे दिवस केलं, मग सोडून दिलं, आणि आईपुढं रोज कुरकुर मात्र केली.

आई ऐकून घ्यायची. एका मंगळवारी ती येडाईच्या दर्शनाला गेली आणि परत आली ती चप्पल हातात घेऊन. पोराची टाच बरी होईपर्यंत पायात चप्पल घालणार नाही, असं देवीला बोलून आली होती. आमच्याकडं ही रीतच आहे. कुणी लेकीच्या बाळंतपणासाठी सोडतं, कुणी नवऱ्याच्या ऑपरेशनसाठी. पण माझं डोकंच फिरलं. ज्या दुखण्यात डॉक्टर अनवाणी चालू नका म्हणतात, त्याच दुखण्यासाठी ही बाई अनवाणी झाली होती. तोंडावर उन्हाळा, शेताची वाट मुरमाची, बांधावर बाभळीचे काटे. मी चिडलो, हात जोडले. देवीला दिलेला शब्द डॉक्टरला इचारून मोडायचा का, असं म्हणून ती चुलीकडं वळली.

मग मात्र मी व्यायाम इमानेइतबारे धरला. आता त्या टाचेवर तिचे दोन्ही पाय अडकले होते. कळ कमी झाली, पण गेली नाही. आई रोज सकाळी माझ्या खाटेजवळ येऊन बसायची आणि पाऊल कसं टेकतो ते बघायची. मी दात आवळून सरळ चालून दाखवायचो. अजून न्हाय, एवढंच म्हणून ती उठायची. तिला फसवणं मला आजवर जमलेलं नाही.

चैत्रात एके दुपारी ती शेतातून आली तेव्हा तिच्या तळव्यांना फोड आले होते, एक फुटलाही होता. दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. ती शेताला निघाली तशी मी माझी मऊ चप्पल दारात काढली आणि तिच्या मागं चालू लागलो. तिनं वळून पाहिलं. परत जा म्हणाली, रागावली, शपथ घातली. मी चालतच राहिलो. मुरमावर प्रत्येक पावलाला डोळ्यांपुढं काजवे चमकत होते. रागच होता तो, उगीच माया म्हणून सांगत नाही.

ओढ्याजवळ ती मटकन खाली बसली आणि रडायला लागली. आईला रडताना मी फार कमी पाहिलंय. माझा सगळा राग तिथंच गळाला.

"घालते चप्पल," ती म्हणाली. "देवीच्या पाया पडून माफी मागते. पर तू रोज कण्हायचं आन् म्या नुसतं बसून ऐकायचं व्हय? मला दुसरं काय येतंय रं?"

डॉक्टर, गोळ्या, बाटली, सगळं माझं माझं चाललं होतं. दुखणं तेवढं रोज तिच्या कानावर घालत होतो.

आईनं लेकाच्या पायाला हात लावायचा म्हणजे अवघडच, त्यात मी चाळिशी ओलांडलेला. तरी तिथंच सावलीत बसलो, पाय लांब केला आणि टाच तिच्या मांडीवर ठेवली.

"अंगठ्यानं दाब," मी म्हणालो. "टाचेपासून बोटांकडं. माझं मला जोर लावता येत न्हाय."

तिनं पदरानं माझ्या तळव्याची धूळ पुसली आणि अंगठा टेकवला.

"इथं?"

"व्हय. इथंच."