कवळीवाल्यांचा निवांत चहा

त्यांना सगळे कवळीवाले म्हणत. दातांचे डॉक्टर रुग्णाच्या तोंडाचा ठसा घेत आणि तो डब्यात घालून त्यांच्याकडे पाठवत. मग हे दुसऱ्या मजल्यावरच्या मागच्या खोलीत बसून दात घडवत. उभ्या आयुष्यात हजारो लोकांचं हसू त्यांच्या हातून घडलं असेल, पण त्यातला एकही माणूस त्यांनी पाहिलेला नव्हता. बायको होती तोवर याचं काही वाटलं नाही. ती गेली, मुलगी नोकरीसाठी परदेशात गेली, आणि घरीदारी बोलायला कुणी उरलं नाही.

मग छातीत धडधड सुरू झाली. डॉक्टरांनी सगळ्या तपासण्या केल्या. "हृदय ठणठणीत आहे. ताण घेता तुम्ही," ते म्हणाले. "तो दुधासाखरेचा कडक चहा सोडा. हलका, बिनदुधाचा घ्या. निवांत बसून."

मुलीनं लगेच हिरव्या चहाचा डबा पाठवला. कवळीवाले तो इमानेइतबारे पीत. उभ्यानं, नाक मुरडून, एका दमात. धडधड काही हटेना.

अशात एके दुपारी दारात एक वयस्कर बाई उभ्या राहिल्या. जिना चढून त्यांना धाप लागली होती.

"कवळी करणारे तुम्हीच ना? डॉक्टर म्हणतात, नीट बसलीय. पण चहा प्यायला लागले की सुटते हो. पत्ता मागून घेतला त्यांच्याकडून."

कवळीवाले गडबडले. आपण घडवलेले दात त्यांच्याशी पहिल्यांदाच बोलत होते.

"चहा पिऊन दाखवता का, ताई?" त्यांनी विचारलं. पाणी उकळलंच होतं. पेला मात्र एकच होता. मग त्यांनी प्लास्टर कालवायचा वाडगा घासूनपुसून स्वतःला घेतला आणि सवयीनं तोंडाला लावला.

"अहो भाऊ, उभ्यानं काय पिताय? काढा आहे का तो?"

"काढाच आहे. ताणावरचा."

"मग तर बसाच. तुम्हाला बघून मलाच ताण आला."

ते बसले. बाईंनी घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. कवळीमुळे नव्हे, चहामुळे. "गवत उकळलंय नुसतं!" कवळीवाल्यांना इतकं हसू आलं की वाडगा हिंदकळला. मग त्यांनी कवळीची कड जराशी घासली, गुळगुळीत केली आणि पुन्हा बसवून पाहायला दिली. आता ती हलत नव्हती.

तरी बाई पुढच्या आठवड्यात आल्या. इकडे टोचतंय म्हणाल्या. त्यानंतरही येत राहिल्या. कुठेच काही टोचत नाही हे कवळीवाल्यांना कळत होतं, आणि त्यांना कळतंय हे बाईंना. तरी ते दर वेळी भिंग लावून कवळी तपासत, मग पाणी ठेवत. बाई शिवणकाम करत असत. अधू झालेल्या डोळ्यांबद्दल, वारलेल्या नवऱ्याच्या घोरण्याबद्दल त्या बोलत. कवळीवाले ऐकत, घोट घोट चहा घेत. कधीतरी त्यांच्या ध्यानात आलं, की छातीतली धडधड बऱ्याच दिवसांत जाणवली नव्हती.

मग बाई यायच्या थांबल्या. एक आठवडा झाला, दुसरा झाला. कवळीवाल्यांनी दातांच्या डॉक्टरांना फोन केला आणि कामाचंच विचारल्यासारखं करून विचारलं.

"त्या होय? त्यांना मुलानं आपल्या गावी नेलं. तडकाफडकी. अजिबात दिसेनासं झालं होतं म्हणे. कवळीची तक्रार होती का काही?"

"नाही, नाही. कवळी उत्तम बसली होती."

त्यांनी फोन ठेवला. पाणी ठेवलं आणि पेल्यात चहा करून घेतला. समोरची खुर्ची रिकामी होती. दोन घोट घेतले आणि पेला बाजूला सारला. धडधड परत आली होती, जुन्या भाडेकरूसारखी.

रविवारी मुलीचा फोन आला. "बाबा, चहा घेताय ना? फरक पडला का?"

एरवी ते "हो" म्हणून मोकळे झाले असते.

"पडला होता," ते म्हणाले. "तू येशील का गं थोडे दिवस?"

बाबांनी असं कधी मागितलं नव्हतं.

"बरं वाटत नाहीये का?"

"तसं नाही. एकट्यानं चहा जात नाही."

"सुट्टीचं बघते, बाबा. नक्की बघते."

"बघ," ते म्हणाले. मग त्यांनी डब्यातून नवा ठसा काढला. कुणाचा होता कोण जाणे. तो उजेडाकडे धरून ते बराच वेळ पाहत बसले.