सत्कार करायला निघालेल्यांना

आम्ही गाव सोडलं तेव्हा एस.टी.च्या टपावर दोन पेट्या, एक गादी आणि शिलाई मशीन चढवलं. चढवायला मी, बायको आणि कंडक्टर. माझा मोठा भाऊ पानठेल्याशी उभा होता, त्याने हात लावला नाही. एवढंच म्हणाला, "एका पोरीसाठी गाव सोडून राह्यला तू. कलेक्टर बनवतं काय तिले?" सहा वर्षांच्या प्रणालीने खिडकीतून काकाला हात हलवला. त्याने तोंड फिरवलं.

परवा त्याच भावाचा फोन आला. प्रणाली स्कॉलरशिपच्या परीक्षेत पहिली आली म्हणून यंदाच्या मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या जत्रेत, गाव तिचा सत्कार करणार आहे. शाल, नारळ, बॅनर. उत्तर इथे, गावाच्या ग्रुपवर लिहितो. गावातून माझ्यासारखे नागपूरला आलेलेही वाचोत. मला 'अकडू' तर त्यांनी केव्हाच ठरवलं आहे.

आम्ही निघालो त्या वर्षीचा शंकरपट आठवा. एक बैलजोडी पळाली की दुसरी सुटायला वेळ लागतो. लोक कंटाळू नयेत म्हणून माईकवरच्या माझ्या भावाने पुतणीला मंचावर उभं केलं. ती मनातल्या मनात गुणाकार करते हे सगळ्यांना माहीत होतं. बैलांवर लागतात तशा तिच्यावर पैजा लागल्या. "पोट्टी हाये का मशीन!" कुणीतरी ओरडलं. ती खुश होती. मीही खाली उभा राहून ऐकत होतो.

मग पाटलांनी स्वतः पैज लावली. बारा बंड्या, म्हणजे बैलगाड्या, एका बंडीत अठरा पोते धान, तर पोते किती? तिने सांगितलं, दोनशे सोळा. पाटील म्हणाले, दोनशे सहा, पोट्टी हरली.

दहा अठरे एकशे ऐंशी, त्यात दोन अठरे छत्तीस. मंचावर हे न येणारा माणूस नव्हता. तिचे गुरुजी खुर्चीवर होते. ते बैल पाहू लागले. मी खालून ओरडलो, "बरोबर हाये तिचं!" पाटील हसले, "तू राइस मिलचा काटा पाह्य ना बाबू, इथी काऊन मंधात पडतं?" सगळा पट हसला. पाटलांची जमीन ठेक्याने करणारा माझा भाऊ खाली वाकला आणि माईक तिच्या तोंडाशी धरून म्हणाला, "म्हण माय, चुकलं म्हण. मोठ्या मानसाले खोटं पाडतेत काय?"

तिने म्हटलं. टाळ्या तुम्ही वाजवल्या.

दोन दिवसांनी मी सहज विचारलं, नऊ आठे किती? तिने आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग हळूच म्हणाली, "बाबा, तुमाले किती पायजे?"

तुम्ही म्हणता, मी शहराच्या लोभाने गेलो. मी या प्रश्नामुळे गेलो. पोरगी हुशार असली की तिला शिकवणं सोपं असतं. पण ही पोरगी आता शिकत होती ते तुमच्याकडून.

नागपूरचे लोकही काही सज्जन नाहीत. भाड्याची एक खोली, नळाला अर्धा तास पाणी, आणि आमच्या 'मले-तुले'वर हसणारी कॉलनी. एका क्लासवाल्याला तिचा फोटो बोर्डावर लावायचा होता. त्याला मी दारातूनच परतवून लावलं. पोरगी दाखवायला आणलेली नाही. पण शाळेतही ती उत्तर द्यायच्या आधी बाईंचा चेहरा पाहायची. वर्ष गेलं, दुसरं निम्मं सरलं, तरी पाहायचीच. बायको रडून म्हणायची, "गावच बरं होतं, निदान आपले लोक होते." आपले लोक म्हणजे कोण, हे तिलाही ठाऊक होतं.

सत्कार नको. शाल ज्याची त्याला द्या. ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांतला एकही माणूस इतक्या वर्षांत येऊन म्हणाला नाही की पोरगी बरोबर होती.

गाव कोणतं विचारलं तर मी अजून गोंडपिपरीकडचंच सांगतो. घराचं वेगळं आहे. इथे मी ट्रक तोलायच्या धर्मकाट्यावर लागलो. एका दुपारी प्रणाली डबा घेऊन आली आणि टेबलाशी चित्र काढत बसली. मी भरलेल्या ट्रकचं आणि रिकाम्याचं वजन मोठ्याने वाचलं, वजा केलं आणि आकडा सांगत लिहिला. चित्रातून मान वर न काढता ती म्हणाली, "बाबा, दोन क्विंटल जास्त लिहिलं तुम्ही." ड्रायव्हर म्हणाला, "एवढीशी पोट्टी बापाले शिकवते!"

तिने त्याच्याकडेही पाहिलं नाही, माझ्याकडेही नाही. पिवळा खडू शोधत होती. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटलं, आपण घरी आलो.