वैरागडे साहेबांची विहीर

नवी विहीर निवडताना वैरागडे साहेब आधी काठावर दोराने पडलेल्या खाचा बोटांनी चाचपत. "पडक्या विहिरीचं पाणी शिळं असते, बाई. जिथं रोज बादली पडते, तिथलंच खरं समजते," असं मला सांगत. सत्तरच्या दशकात ते नागपूरला भूजलाच्या कचेरीत भूवैज्ञानिक होते आणि मी प्रयोगशाळेत. गावोगावच्या ठरलेल्या विहिरींचं पाणी ते आणत, मी तपासत असे.

शहराच्या दक्षिणेला एका नाल्यावर कातडी कमावण्याचा कारखाना निघाला. कारखाना आणि खालचं गाव यांच्यामध्ये निदान एक विहीर हवी, असा साहेबांचा आग्रह होता. म्हणजे घाण गावच्या पाण्यात पोचण्याआधी कळेल. तिथे विहीर एकच होती, यमुनाबाईंची. वांगी-मिरची पिकवून त्या घर चालवत. त्या राजी नव्हत्या. पाण्यात काही निघालंच तर सरकार बंदोबस्त करेल, असं सांगून साहेबांनी त्यांना वळवलं.

निघालं. सरकारने विहिरीवर लाल फुली मारली आणि हात झटकले. यमुनाबाईंची भाजी कोणी घेईना. मुलीचं ठरलेलं लग्न मोडलं. पुढच्या खेपेला मी साहेबांसोबत होते. यमुनाबाई शांतपणे म्हणाल्या, "पाणी कारखान्यानं नासवलं. घर तुमी नासवलं, साहेब."



त्यानंतर घाण किती पुढे गेली ते पाहायला खालच्या गावालगतच्या एका विहिरीसाठी गेलो. मालकाला साहेबांनी सरळ सांगितलं, की पाणी खराब निघालं तर विहीर बंद होईल आणि दुसरी कोणी देणार नाही. त्याने नकार दिला. वरिष्ठ चिडले. "एक घर बुडवलं. आता दुसरं नाही बुडवत," साहेब म्हणाले. कुठलं पाणी नासलं ते दाखवणारा आमचा नकाशा तेवढ्या भागात कोराच राहिला.

निवृत्तीनंतर साहेबांनी त्याच कोऱ्या भागात जमिनीचा तुकडा घेतला, विहीर खणली आणि कचेरीला तपासायला दिली. पत्नी गेलेली, मूलबाळ नव्हतं. "आता खुशाल फुली मारा. माझ्या घरी मोडाले कोनाचं लग्न नाही," म्हणाले.

दुसऱ्या वर्षी ते पाणीही खराब निघालं. सांगायला मीच गेले. ऐकून साहेबांनी चपला घातल्या आणि विहिरीचं पाणी पिऊ नका, असं सांगत गावात दारोदार फिरले. एका म्हातारीने विचारलं, "मंग आमी प्याचं काय?" टँकरसाठी ते कचेऱ्यांच्या पायऱ्या झिजवत राहिले. त्याच उन्हाळ्यात वारले.

मौतीला गावातली बरीच माणसं आली होती. परतताना मी गावातून आले. टँकर आलाच नव्हता. गावच्या विहिरीवर बायकांची रांग होती, आणि बादल्या खाली जात होत्या.