दोर धरणाऱ्याचं नाव

सांडशीने आयुष्यात पहिला दात पाडला तो सख्ख्या मामाचा. वय वर्षं अकरा. मामा दारू पिऊन आला आणि बहिणीच्या, म्हणजे सांडशीच्या आईच्या, अंगावर धावून गेला. या पठ्ठ्याने मामाचं मनगट धरलं ते सोडेचना. मामाने लाथा घातल्या, भिंतीवर आपटलं, केस ओढले. शेवटी मामाच तोल जाऊन उंबऱ्यावर तोंडघशी पडला. तेव्हापासून नाव पडलं सांडशी. खरं नाव शाळेच्या हजेरीत राहून गेलं, आणि शाळेत स्वारी गेली जेमतेम चार महिने, तेव्हा सही करायची वेळ आली की अंगठाच.

पुढे तो दगडाच्या खाणीत लागला. तिथेही हात स्वस्थ नव्हते. मुकादमाची कॉलर, ट्रकवाल्याची मान, जे हातात येईल ते. माणूस वाईट नव्हता हो, पण बोलण्याआधी मारायचा. खाणीत त्याची जोडी जमली माकड्याशी. माकड्या म्हणजे अंगाने काटकुळा आणि कड्यावर चढायला उतरायला पटाईत.

सुरुंग उडाला की कड्यावर सैल दगड अडकून राहतात. ते पहारीने पाडायला एकजण कमरेला दोर बांधून खाली उतरतो. दुसरा वर बसतो, लोखंडी खुंट्याला दोराचा एक वेढा देऊन बाकीचा हातात धरतो. माकड्या उतरायचा, सांडशी धरायचा. बारा वर्षं असंच चाललं.

या खाणीतल्या लोकांचा एक अजब नेम होता. कामावर घेताना कंपनी विम्याचा फॉर्म भरून घ्यायची. आपण मेलो तर पैसे कोणाला, या रकान्यात माणसं बायकोचं नाव घालतात. इथे उतरणारा घालायचा दोर धरणाऱ्याचं! जुनी खोडं म्हणायची, "माझ्या मरणात ज्याचा फायदा, त्याच्याच हातात माझा दोर. बघू या सोडतो का!" मस्ती म्हणा, अडाणीपणा म्हणा. वरचा नंतर पैसे इमानाने घरी पोचवील, हे त्यात धरलेलंच असायचं. बायकांना मात्र यातलं कोणी काही विचारलं नव्हतं.

माकड्याने रीतीप्रमाणे सांडशीचं नाव घातलं. मग त्याचं लग्न झालं, मुलगी झाली. मुलगी सहा वर्षांची झाली तेव्हा शहाणपण सुचून तो वकिलाकडे गेला आणि मृत्युपत्र करून आला. घर बायकोला, विम्याचे पैसे निम्मे बायकोला, निम्मे मुलीला. मुलीचा वाटा ती अठरा वर्षांची होईपर्यंत ट्रस्टमध्ये, आणि तो सांभाळणार सांडशी. बायकोने विचारलं, "माझा भाऊ असताना हा दांडगट कशाला?" तर म्हणाला, "तो धरलेलं सोडत नाही."

शहाणपण सुचलं, पण अर्धंच. खाणीच्या कचेरीतला तो जुना फॉर्म बदलायचा राहिला. एका कागदाचं काम होतं! उद्या करू, परवा करू.

आणि मग तो दिवस आला. सकाळचे दहा. वर सांडशी एकटाच होता, खाली माकड्या. वरच्या कडेचा एक धोंडा निखळला आणि सरळ माकड्याच्या डोक्यावर बसला. त्याच्या हातातली पहार सुटली, अंग लुळं पडलं, दोराला असा हिसका बसला की खुंटाच उपटून निघाला. दोर सांडशीच्या हातांतून सूं करत पळाला. त्याने मुठी आवळल्या. दोर कातडं घेऊन गेला, मग मांस घेऊन जायला लागला, तरी मुठी आवळलेल्याच. पालथा पडून तो कडेपर्यंत फरफटत गेला, टाचा रोवल्या आणि थांबला. तसाच पडून राहिला, ओरडत. खाली दगड फोडायच्या यंत्राचा खडखडाट, ऐकणार कोण? दोर कड्याच्या धारेवर घासत होता. एकेक पीळ तुटताना त्याला दिसत होता आणि करता काहीच येत नव्हतं. मग दोर तुटला.

खालून माणसं वर पाहायला लागली तेव्हा कड्यावर सांडशी उभा होता. हात पाठीमागे.

पोलिसांनी दोराचं टोक तपासलं आणि घासून तुटला असं लिहिलं. पण पोलिसांनी लिहिलेलं लोकांना कधी पटलंय? दवाखान्यात हातांना पट्ट्या बांधून घेतल्यावर सांडशीने त्यावर कामाचे चामडी हातमोजे चढवले आणि माती द्यायला गेला. तिथे माकड्याचा मेहुणा, धंद्याने खाटीक, अंगानेही तसाच, सगळ्यांसमोर म्हणाला, "हात का झाकलेत रे? दोर कापताना सुरी लागली का?"

सांडशी पाठ फिरवून घरी निघून गेला. घरी आई त्याला घास भरवताना म्हणाली, "मेल्या, दाखव की एकदा हात! लोकांची तोंडं तरी बंद होतील."

"बारा वर्षं धरला त्याला," सांडशी म्हणाला. "आता हात पसरून दाखवू? भिकारी आहे मी?"

"भिकारी नाहीस, गाढव आहेस," आई म्हणाली आणि पुढचा घास कोंबला.

पंधरवड्याने माकड्याची बायको मृत्युपत्र घेऊन विम्याच्या कचेरीत गेली. तिथल्या चष्मेवाल्या बाईंनी कागद वाचला आणि शांतपणे परत केला.

"मृत्युपत्र त्यांच्या मालकीच्या वस्तूंना लागू होतं," बाई म्हणाल्या. "हे पैसे त्यांचे कधी झालेच नव्हते. ते आमच्याकडून थेट फॉर्मवरच्या नावाला जातात. मृत्युपत्रात काहीही लिहिलं तरी फॉर्म बदलत नाही."

"आणि फॉर्मवर कोण आहे?"

बाईंनी नाव वाचलं. हजेरीतलं ते खरं नाव बायकोला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा ती तिथल्या तिथे खुर्चीवर बसली.

संध्याकाळी मेहुणा सुरा घेऊनच सांडशीच्या दारात उभा राहिला. मागे बहीण, तोंडावर पदर.

"पैशासाठी पाडलास त्याला! बाहेर ये, हरामखोरा!"

सांडशी जेवत होता. आईचा हात बाजूला सारून तो उठला. मेहुण्याने सुरा फिरवला, तो दाराच्या चौकटीत रुतला. सांडशीने कपाळ घातलं ते थेट मेहुण्याच्या नाकावर. कडकन आवाज झाला, रक्ताची चिळकांडी भिंतीवर. मेहुण्याने त्याला कवेत धरून अंगणात आदळलं आणि छातीवर बसून बुक्क्यांवर बुक्के घातले. ओठ फाटला, एक दात आत गेला. सांडशीने गुडघा मारला, कोपर मारलं, उलटून वर आला आणि डोक्याने पुन्हा तेच नाक ठेचलं. "मागायला आला असतास तर दिलं असतं! सगळं दिलं असतं!" तो बोंबलत होता. "सुरा घेऊन येतोस? मला खुनी म्हणतोस?" मेहुणा गुरासारखा हंबरला. शेवटी आईने पाण्याची अख्खी बादली दोघांवर ओतली आणि वर बादलीही हाणली.

माकड्याची बायको कोपऱ्यात उभी राहून बघत होती. घरी जाताना भावाचं नाक पुसता पुसता ती म्हणाली, "दादा, त्याने बुक्का एकही मारला नाही."

"मारलं की! हे काय मग?"

"डोक्याने. हाताने नाही. सांडशीने मारामारीत हात वापरला नाही असं कधी ऐकलंयस?"

दादाला नाकापुढे काही सुचत नव्हतं.

चार दिवसांनी सांडशी आईला घेऊन विम्याच्या कचेरीत गेला आणि त्या दोघांना बोलावून घ्यायला सांगितलं. दोघं आली. मेहुण्याचं नाक पट्टीखाली, सांडशीचा ओठ टाक्यांत. चष्मेवाल्या बाईंनी दौत जरा लांब सरकवून ठेवली.

"मला पैसे नकोत," सांडशी म्हणाला. "वहिनींना द्या."

"तसं परस्पर देता येत नाही. तुम्ही नको असं लिहून दिलंत, तर फॉर्मवर दुसरं नाव नसल्याने रक्कम मयताच्या मालमत्तेत जाईल. मग मात्र मृत्युपत्र लागू होईल. पण आधी घेऊन मग नाकारता येणार नाही. विचार करा."

"केला. आणि तो मुलीच्या ट्रस्टचा कागदही करा. मी सांभाळणार नाही. खुनी माणसाकडे पोरीचा पैसा नको." वहिनींकडे न बघताच तो बोलला.

बाईंनी दोन कागद टाईप करून पुढे ठेवले. "सही?"

"अंगठा."

"मग हातमोजा काढावा लागेल."

आई पुढे झाली. "काढते मी. हलू नकोस." तिने हातमोजा सोडवला, पट्टीचे वेढे उलगडले. शेवटचा वेढा चिकटला होता, तो तिने ओढूनच काढला.

तळव्यावर कातडी नव्हती. या कडेपासून त्या कडेपर्यंत लालभडक खोल चर, दोराच्या जाडीचा, तळाशी पांढरं काहीतरी. अंगठ्याचं पेर सोललेलं. आईने तो शाईवर टेकवला, कागदावर टेकवला. कागदावर नुसता ओला डाग उमटला, शाई कमी आणि रक्त जास्त.

"यात रेषाच नाहीत," बाई पुटपुटल्या. "हा अंगठा ओळखायचा कसा? साक्षीदार लागेल. हेच ते गृहस्थ, असं कोणी लिहून देईल का?"

मेहुणा त्या तळव्याकडे बघत होता. खाटीक माणूस तो, मांस कशाने कापलं जातं आणि कशाने घासलं जातं हे त्याला कोणी शिकवायला नको. त्याने पेन उचललं.

"मी देतो," त्याचा आवाज पट्टीमागून गेंगाणा आला. "हाच तो. यानेच माझं नाक फोडलं." आणि सही करता करता तो ढसाढसा रडायला लागला.

बाईंनी दुसरा कागद पुढे सरकवला. आईने पुन्हा सांडशीचं मनगट धरलं. तेवढ्यात माकड्याच्या बायकोने तो कागद ओढून घेतला, टराटरा फाडला आणि तुकडे पदरात बांधले.

"पोर अठरा वर्षांची व्हायला बारा वर्षं आहेत, भावजी," ती म्हणाली. "तोवर धरून ठेवा."