चकाकणारं फडकं

लॅबमध्ये सगळे तिला बाई म्हणत. बरोबरीच्या मैत्रिणी निवृत्तीचे बेत आखत होत्या, त्या वयात तिने ही नोकरी धरली. आपल्या पेशींमध्ये चरबी फोडणारं एक एन्झाइम असतं. ते किती जोमाने काम करतंय, हे ती रक्ताच्या थेंबावरून मोजायची. प्लेटच्या बारीक खळग्यात रक्ताबरोबर एक खास चरबी घालायची. त्या चरबीला रंग जोडलेला असे. एन्झाइमने तो तोडला की तो जांभळ्या उजेडात निळा चमके आणि यंत्र ती चमक मोजे.

घरी नवरा नुकताच निवृत्त झाला होता. वेळ खायला उठला म्हणून त्याने धुणं हातात घेतलं आणि दर आठवड्याला नवी पावडर आणू लागला.

एके सकाळी एका तान्ह्या बाळाचं रक्त आलं. पोट फुगलेलं, वजन जागचं हलत नव्हतं. लॅबच्या मॅडमना हे एन्झाइमच नसल्याची शंका होती. पण चमक भरपूर आली.

"म्हणजे हे नाही," मॅडम म्हणाल्या. "दुसरं काहीतरी शोधायला हवं."

बाई रिपोर्टवर सही करेना. "मॅडम, ज्या खळग्यात रक्तच नाही, तोही चमकतोय."

दोघींनी पाणी बदललं, बाटली बदलली. तरी तेच. शेवटी मॅडमनी दिवे बंद केले आणि जांभळ्या उजेडाची बॅटरी टेबलावर फिरवली. कोपऱ्यात काहीतरी निळंशार लखलखलं.

"हे काय?"

"प्लेट पुसायचं फडकं," बाई म्हणाली. "जुन्या चादरीचं. आमच्याकडून धुऊन आलंय."

कपडे शुभ्र दिसावेत म्हणून पावडरीत घातलेलं रसायन चमकत होतं आणि फडक्याचे तंतू प्लेटच्या बुडाला चिकटले होते. बाईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मॅडम मात्र खुर्ची धरून हसत सुटल्या.

नवी प्लेट घेतली, कागदाने पुसली. रिकामा खळगा काळाकुट्ट राहिला. निरोगी रक्ताचा छान चमकला. बाळाचा चमकला नाही.

बाईचा चेहरा उतरला.

"तोंड पाडू नका," मॅडम म्हणाल्या. "आजाराचं नाव कळलं. हे एन्झाइम शिरेतून देता येतं."

संध्याकाळी तिने सगळं नवऱ्याला सांगितलं. तो जरा घुश्शातच म्हणाला, "पण पावडर चांगली आहे, एवढं तरी कबूल कर."

"केलं. फक्त माझ्या फडक्यांना हात लावू नका."

पुढे काही महिन्यांनी बाळाची आई त्याला घेऊन लॅबच्या दाराशी आली. बाळाच्या मांड्यांना आता वळ्या पडल्या होत्या. बाई वाकली तसा त्याने तिचा चष्माच ओढला.

"सोड रे, मावशी आहे ती," आई ओशाळून म्हणाली.

"असू दे, ओढू दे," बाई म्हणाली. चष्म्याची एक काडी वाकली. दुपारभर ती वाकड्या चष्म्यानेच काम करत राहिली, आणि कोणी विचारलं की कौतुकाने सांगत राहिली.