गाज बारीक करणारं अपडेट

बाबांच्या फोनवर तो निरोप तीन आठवडे येत होता. नवी आवृत्ती तयार आहे, आता टाकायची की नंतर? बाबा तो रोज अंगठ्याने बाजूला सारत. शनिवारी मी मालवणहून तोंडवलीला आई-बाबांकडे गेले की मीही तेच करत असे. मी शाळेत गणित शिकवते, फोनला घाबरणारी बाई मी नव्हे. पण बाबांच्या कानातलं मशीन या फोनवरून चालत होतं, आवाज कमी-जास्त करणं सगळं त्यातूनच. अपडेट एकदा टाकलं की मागे फिरता येत नाही, आणि फोन माझाच जुना, पाच वर्षं वापरलेला. त्यात फोन आणि मशीनची जोडणी तुटली तर बाबांना पुन्हा कुडाळला कानाच्या दवाखान्यात न्यावं लागणार होतं. बाबा तर मागच्याच खेपेला सांगून मोकळे झाले होते की आता ते कुडाळची पायरी चढणार नाहीत. म्हणजे जोडणी तुटली तर कान कायमचा गेला, हे मला स्पष्ट दिसत होतं.

मशीन येऊन वर्ष झालं होतं. कुडाळच्या तपासणीच्या बंद खोलीत बाबांना कुजबुजसुद्धा ऐकू आली होती. घरी आल्यावर चार दिवसांत ते मशीन पानाच्या चंचीत सुपारीशेजारी जाऊन पडलं. मी ते बाहेर काढायची, त्यांच्या कानात घालायची आणि तरीही ओरडून बोलायची. ते मान हलवत आणि भलतंच उत्तर देत. हट्टी म्हातारा, असं मी मैत्रिणींजवळ म्हटलेलंही आहे. आई तर सात-आठ वर्षं ओरडूनच बोलत होती. जेवायला या, एवढं सांगितलं तरी अख्ख्या वाडीला कळायचं. तिला दम लागायचा, त्यामुळे दोन वाक्यांच्या पलीकडे ती जात नसे. त्या दोघांत बोलणं असं उरलंच नव्हतं, कामाच्या हाका तेवढ्या होत्या.

अपडेटचं विचारायला मी एका शनिवारी घरापुढच्या खळ्यात उभी राहून कुडाळच्या दवाखान्यात फोन लावला. तिथल्या बाईंनी दोन्ही बाजू सांगितल्या. जुना फोन रखडेल, बॅटरी लवकर उतरेल, वर्षभरात बसवलेली आवाजाची मापं पुसली जाऊ शकतात, जोडणीचीही खात्री नाही. पण मशीनचं नवं ॲप जुन्या आवृत्तीवर चालत नाही, आणि त्या नव्या ॲपमध्ये सारखा चालू असलेला आवाज ओळखून मागे ढकलायची सोय आहे. मग त्या म्हणाल्या, "मॅडम, तुमच्या मागे मिक्सर चालू आहे का? जरा बंद करता?"

मी मागे वळून पाहिलं. मिक्सर नव्हता, पंखा नव्हता, विहिरीवरचा पंपही बंद होता. मला काही सुधरेना. मग कळलं. सुरूच्या बनापलीकडे समुद्र होता. आमची गाज, लाटांचा तो न थांबणारा आवाज. जन्मल्यापासून ती कानावर आहे, म्हणून आम्हाला ती ऐकूच येत नाही. कुडाळला चार खेपा झाल्या, त्यांनी दर वेळी विचारलं की घरी कसला आवाज असतो का, आणि दर वेळी मीच ठणकावून सांगितलं होतं की छे हो, आमच्याकडे अगदी शांत असतं. बाबांनी मशीन घातलं की अख्खा दर्या आत शिरत होता आणि आमचं बोलणं त्याच्याखाली बुडत होतं. त्यांनी तक्रार केली नाही, कारण मशीनने असंच ऐकू येतं अशी त्यांची समजूत झाली होती. मला रडू आलं. हट्टी ते नव्हते, मी होते.

दुपारी मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला दोन रकाने आखले. पुण्याचा भाऊ फोनवर म्हणाला, दोन महिने थांब, पहिल्या आवृत्तीत चुका असतातच. त्यात तथ्य होतं. शाळेतल्या एका बाईंचा कॅमेरा अपडेटनंतर आठवडाभर उघडला नव्हता. आईचं म्हणणं एकच, आहे ते घालवू नका. तोट्याच्या रकान्यात सहा ओळी झाल्या आणि फायद्याच्या रकान्यात एक. वर्गात मी अशी गणितं चुटकीसरशी सोडवते, इथे पेन्सिल नुसती चावत बसले.

बाबा समोरच केरसुणीसाठी माडाच्या झावळीचे हीर काढत बसले होते. सगळा वाद त्यांच्या देखत चालला होता आणि त्यांना विचारायचं कुणाला सुचलं नव्हतं. शेवटी मी मोठ्या अक्षरात सगळं कागदावर लिहून दिलं. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं.

"दर्यो बारीक करतलो तो?" त्यांनी विचारलं. मी मान हलवली. मग हातातला हीर खाली ठेवून ते म्हणाले, "मगे भात कधी कापूक घेवचा, ता माका कोण सांगतला?"

गाज कुठल्या अंगाने येते त्यावर ते पावसाचा अंदाज बांधत. ऐकू येईनासं झाल्यावर ते बंद पडलं, आणि मशीनने ते त्यांना परत दिलं होतं. सकाळी लवकर उठून ते एकटे खळ्यात मशीन घालून बसत, हे आईने मला तेव्हा सांगितलं. तोट्याची सातवी ओळ, आणि ती आमच्यापैकी कुणीही लिहिली नव्हती. मी पुन्हा कागद घेतला. नवं ॲप चाललं तर गाज अंगठ्याने कमी होते आणि अंगठ्यानेच परत येते, पण चालेलच असं नाही, असं खरं ते लिहिलं. बाबांनी वाचलं, आईकडे पाहिलं आणि म्हणाले, "घाल. हिचा काय ता ऐकाक होया माका."

शेजाऱ्यांच्या पर्यटकांसाठीच्या खोल्यांत वायफाय होतं. तिथे आम्ही तिघं बाकावर बसून टक्के मोजत राहिलो. फोन बंद झाला, चालू झाला, पुन्हा बंद झाला. घरी येऊन मी नवं ॲप उघडलं. मशीन सापडत नाही, असं आलं. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या वेळी बाबांच्या कानाजवळचा हिरवा दिवा लागला.

पडद्यावर गाज कमी-जास्त करायची करंगळीएवढी रेघ होती. मी ती डावीकडे सरकवू लागले. बाबांनी एकदम हात वर केला, उठून खळ्याच्या टोकाला गेले आणि सुरूंच्या फटीतून समुद्र जागेवर आहे ना ते पाहून आले. मला हसू आलं नाही. एका माणसापुरता का होईना, मी अरबी समुद्र बोटाने मागे सारला होता, आणि हे कुठेतरी बसून कुणीतरी शक्य केलं होतं.

आई पाखडायचं सूप घेऊन दारात उभी होती. ती मला हळूच म्हणाली, बाबांना विचार, चहा ठेवू का.

"ठेव," बाबा म्हणाले.

आईच्या हातातलं सूप तसंच राहिलं. बाबा तिच्याकडे पाहत होते.

"तुझो आवाज म्हातारो झालो गो," ते म्हणाले.

"तुमका ऐकाक येईनासा झाला, तेवाच झालो तो," आई म्हणाली, न ओरडता, आणि चहा ठेवायला न जाता त्यांच्याजवळ खाली बसली.