नव्याण्णव किलो

चादर अर्धी पिळून झाली होती. मोठ्या चादरी मी एकटी पिळत नाही. एक टोक माझ्या हातात आणि दुसरं भाऊजींच्या. भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. मी या घरात आले तेव्हापासूनचा हा नेम आहे, आणि तेव्हापासून मी म्हणत आले आहे, अहो हळू, माझं मनगट आहे ते, दोरखंड नाही. आज मी पीळ दिला आणि त्यांच्याकडचं टोक फिरलं. चादर त्यांनी सोडली नव्हती, हातच चादरीबरोबर वळला. दोघांनीही ते पाहिलं. "थांबा जरा, वहिनी," म्हणाले आणि मागच्या दाराच्या पायरीवर बसले. चादर मी तशीच बादलीत टाकली. संध्याकाळ झाली तरी ती तिथेच आहे.

ज्या माणसाला सगळी गल्ली 'कपाट' म्हणते, त्याच्याबद्दल हे लिहिते आहे. भाऊजी धान्याच्या गोदामात पोती वाहतात. दोन पोती एकदम उचलून गप्पा मारत चालायचे. लग्न केलं नाही. कुणी विचारलंच तर तोलामोलाची मिळाली नाही म्हणून सांगायचे आणि पोटावर हात फिरवायचे. कामावरून सुटलं की क्लबात जायचे, बॉक्सिंगला. चौतीस वर्षांचे झाले तरी तो नाद सुटला नव्हता.

दोन वर्षांपूर्वी ते एका डावखुऱ्याशी लढले. पहिल्या दोन फेऱ्या भाऊजींच्या होत्या. तिसऱ्या फेरीत दम संपला आणि भाऊजी दोरीला टेकून उभे राहिले ते घंटा होईपर्यंत. तो पराभव ते विसरले नाहीत. या वर्षाच्या सुरुवातीला कोचनी त्यांना स्पष्टच सांगितलं. हेवीवेटला वरची मर्यादा नसते, नव्वदच्या वर कितीही चालतं, म्हणून तू सुटलायस. तुझं लढायचं वजन नव्याण्णव. तेवढ्यावर आलास तर डावखुऱ्याशी पुन्हा लढत लावून देतो, आणि हे शेवटचं वर्ष समज.

त्या दिवशी ते एकशे चौदा किलो होते.

घरी येऊन त्यांनी माझी वही मागितली. मी रोज प्रार्थना झाली की देवाचं नाव वर घालून दिवसाबद्दल चार ओळी लिहिते. घरात कुणी ती वाचत नाही. शेवटच्या पानावर त्यांनी आपल्या अगडबंब अक्षरात तीन जण लिहिले. एक, डावखुरा. दोन, न्हावी, हा खरोखरच न्हावी आहे आणि त्याचे हात फार लांब. तीन, थोरला, दोघा बॉक्सर भावांमधला मोठा, त्याला अजून कुणी पाडलेलं नाही. याच क्रमाने घ्यायचे, म्हणाले. मी विचारलं, आणि थोरल्यानंतर? तर म्हणाले, मग तुमच्या हातचं पोटभर जेवायचं.

वजन दर रविवारी गोदामातल्या मोठ्या काट्यावर व्हायचं. चौकीदार ओळखीचा. भाऊजी काट्याकडे पाठ करून उभे राहत, कारण स्वतः आकडा पाहिला की तो वाढतो अशी त्यांची समजूत. पाहायचं मी आणि लिहायचंही मीच. आमचे हे शिंपी आहेत, त्यांनाही मोजमापाची सवय. पण भाऊजींना माझीच वही हवी. वहिनी देवाचं नाव घालून लिहितात, तिथे खोटं उतरणार नाही, असं चौकीदाराला सांगायचे.

पहिले दोन महिने रडतखडत गेले. एकशे तेरा, साडेबारा, मध्ये एकदा परत तेरा. शेजारी बारसं झालं होतं, तिथे पेढे किती खाल्ले ते देवाला माहीत. आठव्या रविवारी एकशे आठ. मग एकदम घसरण लागली. एकशे पाच. एकशे दोन.

त्या दिवसांत ते अर्धं ताट बाजूला सारू लागले. नको म्हणायचे, भूकच नाही. मला इतकं कौतुक वाटलं. गोडाच्या वासाने चुलीपाशी घुटमळणारा माणूस, आणि हा संयम. मी स्वतःच वाढताना हात आखडला. पोटात दुखतं असं एकदा म्हणाले होते, पण सरावात तिथेच ठोसे खातात, तेव्हा दुखणारच, असं त्यांनीच सांगितलं आणि मीही मान डोलावली.

अकराव्या रविवारी काटा नव्याण्णववर थांबला. मी दोनदा वाचला. भाऊजी पाठमोरेच होते, त्यांनी माझ्या गप्प बसण्यावरून ओळखलं. चौकीदाराला उचलून गोल फिरवलं. घरी आल्यावर मी लिहिलं: आज नव्याण्णव. देवा, तू माझं ऐकलंस.

पुढच्या रविवारी सत्त्याण्णव. त्याच्या पुढच्या रविवारी चौऱ्याण्णव. कोच म्हणाले, पुरे, आता खा. मी तूप घातलं, दूध ठेवलं, उशिरापर्यंत ताटासमोर बसले. भाऊजी घास तोंडात घोळवत राहायचे. यांनी त्यांची लढतीची चड्डी तिसऱ्यांदा कमरेत घेतली. आधीच्या दोन वेळा जास्तीचं कापड कापलं होतं. या वेळी कापलं नाही, आत दुमडून शिवलं.

एक्क्याण्णव झालं तेव्हा मी चौकीदाराला म्हटलं, काटा बिघडलाय. तोही लगेच हो म्हणाला. त्याने पन्नास किलोचं सीलबंद पोतं काट्यावर ठेवलं. पन्नास. दुसरं ठेवलं. शंभर, एक रेघ इकडे नाही की तिकडे नाही. भाऊजी बाजूला उभे होते. त्या दिवशी पहिल्यांदा त्यांनी आकडा स्वतः पाहिला, तोही पोत्यांचा. "काट्याला कशाला दोष देता, वहिनी," एवढंच म्हणाले.

नव्वदच्या खाली गेल्यावर लढत रद्द झाली. बातमी कळली तसा तो डावखुरा आमच्या घरी आला. मी मनात त्याला राक्षस करून ठेवलं होतं. हा तर दारात चपला सरळ लावून ठेवणारा मुलगा निघाला. संत्र्यांची पिशवी मांडीवर घेऊन बराच वेळ बसला. निघताना म्हणाला, "दादा, तुम्ही परत या. तोवर मी कुणाशी हरत नाही."

"म्हणजे माझ्याशी हरायचं ठरवलंयस तर," भाऊजी म्हणाले. दोघंही हसले. तो गेल्यावर भाऊजींनी एक संत्रं सोललं आणि तीन फोडी खाऊन ठेवून दिलं.

मग दवाखाने सुरू झाले. पोटात गाठ आहे. परवा मोठ्या डॉक्टरांनी विचारलं, वजन कधीपासून उतरतंय? हे म्हणाले, दोन महिने झाले असतील. मी म्हटलं, चार. भाऊजी म्हणाले, मी मुद्दाम उतरवलंय. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. मुद्दाम किती आणि आपोआप किती, हे त्यांना हवं होतं. ऑपरेशन झेपेल की नाही ते उद्या तिघे डॉक्टर मिळून ठरवणार आहेत. तारखांची काही नोंद असेल तर आणा, म्हणाले.

नोंद आहे. एकही रविवार चुकलेला नाही.

पण त्या नोंदीत काय काय आहे ते मलाच माहीत. आज चादर टाकून मी आत आले आणि नुसते आकडे एका कोऱ्या कागदावर उतरवायला बसले. तारीख, किलो. तारीख, किलो. भाऊजी भिंतीला धरत आत आले आणि विचारलं, हे काय चाललंय? मी सांगितलं, डॉक्टरांना बाकीचं कशाला दाखवायचं. त्यांनी वही ओढून घेतली आणि वाचत बसले. एका पानावर होतं, आज भाऊजींनी अर्धंच खाल्लं, देवाने त्यांना चांगली बुद्धी दिली. दुसऱ्या पानावर, तीन किलो उतरले, देवाची कृपा. एक ओळ वाचून त्यांना हसू आलं. मला ते सहन होईना.

मी म्हटलं, आणा इकडे, खोडून टाकते. ज्याच्यासाठी मी आभार मानत होते ते दुखणं होतं. दर रविवारी ते तुम्हाला खात होतं आणि मी देवाला हात जोडत होते.

"खोडू नका, वहिनी," ते म्हणाले. "नव्याण्णव झालं त्या दिवशी मी खरंच खूश होतो. तेवढं तरी खरं राहू दे."

मग त्यांनी शेवटचं पान उघडलं. तीन जण तिथे होते. त्यावरून अंगठा फिरवला आणि पान मिटलं. डॉक्टर हेही वाचतील का, असं विचारलं. मी म्हटलं, वाचू देत. तर म्हणाले, मग न्हाव्यापुढे लिहा, हात लांब आहेत पण पोट उघडं टाकतो. मी लिहिलं. कोरा कागद फाडून टाकला.

देवाशी माझं काय बोलणं झालं ते आज इथे लिहीत नाही.

उद्या सकाळी आठला भाऊजींना गोदामात जाऊन वजन करून घ्यायचं आहे, आणि तो आकडा लिहून झाला की नऊ वाजता ही वही मोठ्या डॉक्टरांकडे द्यायची आहे.